व्यक्तिचित्रातले हात, मान आणि बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यक्तिचित्रासमोर उभं राहिलं की नजर आधी चेहऱ्यावर जाते आणि बहुतेकांची तिथेच थांबते. "अगदी हुबेहूब आलंय", "डोळे बोलतात" असं म्हणत आपण पुढच्या चित्राकडे वळतो. हात कशावर टेकलेत, खांदे कुठे वळलेत, माणूस खुर्चीत मागे रेललाय की पुढे झुकलाय, हे पाहायचं राहूनच जातं. चित्रकाराचा मात्र बराचसा विचार तिथेच खर्च झालेला असतो. प्रदर्शनांत आणि प्रात्यक्षिकांच्या वेळी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

देहबोली बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

एक साधी युक्ती आहे. चित्रापासून थोडं लांब उभं राहा, एक डोळा मिटा आणि तळहात असा धरा की चित्रातला चेहरा झाकला जाईल. आता उरलेल्या शरीराकडे पाहा. धड कुठल्या दिशेला आहे? हात मोकळे आहेत, की काही धरून आहेत? धरलं असेल तर सैल धरलंय की घट्ट? मग तळहात काढा आणि चेहरा कुठे वळलाय आणि नजर कुठे आहे ते पाहा. धड, चेहरा आणि नजर या तिन्हींची दिशा एकच असेल तर चित्र ठाम आणि समारंभी वाटतं. त्या तीन दिशा वेगवेगळ्या असतील तर माणूस नुकताच वळल्यासारखा वाटतो.

दोन पोपांची चित्रं शेजारी ठेवून पाहा. राफाएलने १५११-१२ च्या सुमारास दुसऱ्या ज्युलियसचं चित्र केलं, ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वेलास्केझने १६५० मध्ये दहाव्या इनोसंटचं केलं, ते रोमच्या दोरिया पाम्फिली संग्रहात आहे. बैठक जवळजवळ तीच: हातांची खुर्ची, किंचित बाजूला वळलेलं शरीर, खांद्यांवर लाल आच्छादन. पण ज्युलियसची नजर खाली गेलेली आहे, एका हातात रुमाल आहे आणि दुसऱ्या हाताने त्याने खुर्चीचा हात पकडलाय. लढायांमध्ये स्वतः उतरणारा हा पोप इथे थकलेला, आपल्याच विचारात बुडालेला दिसतो. इनोसंट मात्र थेट तुमच्याकडे पाहतो. त्याचे हात खुर्चीवर नुसते टेकलेत, एका हातात कागद आहे, आणि तरी समोर उभं राहणाऱ्याला आपलीच तपासणी चाललीय असं वाटतं. खुर्ची, कपडे, पद सगळं सारखं असताना इतका फरक पडतो तो मान, नजर आणि बोटं यांच्यामुळे.

हाताची घडी म्हणजे मन बंद, हनुवटीवर हात म्हणजे विचारमग्न. अशा याद्या चित्रांना लावता येतात का?

नाही. माझ्या मते चित्र वाचण्यात सर्वांत जास्त घोळ या याद्यांनीच होतो.

हाताची घडीच घ्या. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने "हाताची घडी, तोंडावर बोट" ऐकलंय. तिथे ती घडी शिस्तीची आणि आज्ञाधारकपणाची खूण असते. आता स्वामी विवेकानंदांचं १८९३ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत काढलेलं छायाचित्र आठवा. त्यावरून पुढे असंख्य तैलचित्रं आणि कॅलेंडरं झाली. त्यातही हाताची घडीच आहे, पण छाती पुढे, मान ताठ आणि नजर स्थिर. तिथे ती आत्मविश्वासाची झाली. मुलाखतीचं तंत्र शिकवणाऱ्या पुस्तकात तीच घडी "समोरच्याला दूर ठेवणारी" ठरते. म्हणजे एकाच कृतीचे तीन अर्थ झाले, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे या याद्या बोलता बोलता नकळत होणाऱ्या हालचालींसाठी केलेल्या असतात. व्यक्तिचित्रातली पोझ नकळत होत नाही. ती कुणीतरी ठरवलेली असते, बसणाऱ्याने ती तासन्‌तास धरलेली असते, आणि पैसे देणाऱ्याने ती मान्य केलेली असते. त्यामुळे "या माणसाच्या मनात काय चाललंय?" हा प्रश्न जरा मागे ठेवावा. आधी विचारावं: ही पोझ कुणी ठरवली, कुणाला दाखवण्यासाठी ठरवली, आणि त्या काळात तशा बसण्या-उभं राहण्याला काय मान होता? उत्तर मिळालं की बहुतेक वेळा मनाचा ठावही आपोआप लागतो.

नेपोलियनचा हात कोटात का असतो? त्याला पोटाचा विकार होता म्हणून?

हा समज फार पसरलेला आहे. तो १८२१ मध्ये पोटाच्या आजाराने गेला, हे माहीत असल्यामुळे लोक मागे जाऊन चित्रात दुखणं शोधतात.

झाक-लुई दाविदने १८१२ मध्ये केलेलं नेपोलियनचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. ते एका स्कॉटिश उमरावाने करून घेतलं होतं आणि त्यासाठी नेपोलियन दाविदसमोर बसला नव्हता. म्हणजे दुखणाऱ्या पोटावर नकळत गेलेला हात चित्रकाराने टिपला, हे घडलेलंच नाही. ती पोझ दाविदची निवड होती आणि ती आधीपासून प्रचलित होती. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सभ्य पुरुषाने कसं उभं राहावं हे शिकवणारी पुस्तकं निघत. १७३७ मधल्या अशाच एका सचित्र पुस्तकात वेस्टकोटमध्ये हात ठेवून उभं राहण्याची रीत दाखवली आहे. टॉमस हडसनसारख्या लंडनच्या चित्रकारांनी ती इतक्यांदा वापरली की ती पोझ त्या काळच्या पुरुष-व्यक्तिचित्रांचा ठरीव साचाच बनली.

तिचं मूळ आणखी मागे, प्राचीन ग्रीसमध्ये जातं. एस्किनीझ हा वक्ता म्हणत असे की पूर्वीचे थोर लोक भाषण करताना हात वस्त्राच्या आत ठेवत आणि हातवारे करत नसत. त्यावर त्याचा वैरी डिमॉस्थनीझ याचं उत्तर असं की भाषण करताना हात आत ठेवण्याची गरज नाही, राजदूत म्हणून परराज्यात गेल्यावर ठेवावा. रोख लाचेवर होता. म्हणजे हात आत घेणं ही संयमाची खूण होती. ताकद आहे, पण ती उगाच दाखवायची गरज नाही, असा तिचा अर्थ.

दाविदच्या चित्रात बाकीच्या खुणाही त्याच बाजूने बोलतात. घड्याळात चार वाजून तेरा मिनिटं झालीत, मेणबत्त्या जळून संपत आल्यात, टेबलावर कायद्याच्या संहितेचा कागद आहे. प्रजेसाठी रात्रभर जागलेला सम्राट आत्ताच उठून उभा राहिलाय, हे सांगायचंय. तिथे आत घेतलेला हात "मी स्थिर आहे" एवढंच म्हणतो.

मोनालिसाच्या हातांबद्दल इतकं का बोलतात?

कारण ते हात नसते तर ते हसू आपल्याला इतकं शांत वाटलं नसतं. लिओनार्दोने १५०३ च्या सुमारास सुरू केलेल्या या चित्रात डावा हात खुर्चीच्या हातावर आहे आणि उजवा हात डाव्या मनगटावर अलगद ठेवलाय. धड एका बाजूला, चेहरा त्याहून आपल्याकडे, आणि नजर पूर्ण आपल्याकडे. तीन दिशांची ही पायरी-पायरीने केलेली वळणं पुढे शेकडो चित्रकारांनी घेतली. त्या काळी इटलीत चांगल्या घरच्या मुलींना उजवा हात डाव्यावर ठेवून उभं राहायला शिकवत. लिओनार्दोने ती शिकवणीतली पोझ घेतली आणि तिच्यातला ताठरपणा काढून टाकला.

त्याचंच आधीचं, १४९० च्या आसपासचं चेचिलिया गालेरानीचं चित्र पोलंडमध्ये क्राकुफला आहे. तिने हातांत एर्मिन नावाचा पांढरा प्राणी धरलाय. तिची मान धडाच्या उलट बाजूला वळली आहे, जणू चित्राच्या बाहेरून कुणीतरी हाक मारली. लांब बोटांचा हात त्या प्राण्याला धरूनही ठेवतो आणि गोंजारतोही. लिओनार्दोने स्वतः लिहून ठेवलंय की चित्रकाराला माणूस आणि त्याच्या मनातला हेतू अशा दोन गोष्टी रंगवायच्या असतात. पहिली सोपी, दुसरी अवघड, कारण हेतू फक्त अवयवांच्या हालचालीतून दाखवता येतो. चेचिलियाच्या हाताकडे पाहिलं की त्याला काय म्हणायचं होतं ते कळतं.

यान व्हान आयकच्या चित्रातली ती हिरव्या झग्यातली स्त्री गरोदर आहे ना?

१४३४ च्या अर्नोल्फिनी चित्राबद्दल हा प्रश्न हटकून येतो. पोटाशी धरलेला हात पाहून आपण लगेच तो निष्कर्ष काढतो. पण नीट पाहा, तिच्या हातात झग्याचा घोळ आहे. कापड भरपूर, जड आणि महाग, चालायचं तर ते उचलून पोटाशी धरावंच लागे. त्या काळच्या फ्लेमिश चित्रांत कुमारी संतिणीसुद्धा अशाच दिसतात. आपल्याकडे नऊवारीचा किंवा शालूचा घोळ सावरणारा हात पाहून कुणी दुसरी शंका घेत नाही, तसंच हे आहे.

तिच्या शेजारच्या पुरुषाने उजवा हात वर केलाय आणि डाव्या हाताने तिचा हात धरलाय. तो वर केलेला हात शपथेचा की आलेल्या पाहुण्यांना अभिवादन करणारा, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मागच्या गोल आरशात दारातून आत येणारी दोन माणसं दिसतात, त्यामुळे मला अभिवादनाची बाजू जास्त पटते. मात्र १९३४ मध्ये एर्विन पानोफ्स्की या कला-इतिहासकाराने हे चित्र म्हणजे लग्नाची साक्ष आहे असं मांडलं आणि ते मत अजून लोकांच्या मनात घट्ट आहे.

राजे-सरदारांच्या चित्रांत कोपर बाहेर काढून कमरेवर हात का असतो?

जागा व्यापण्यासाठी. कमरेवर हात ठेवला की शरीराची रुंदी वाढते आणि शेजारी उभं राहणाऱ्याला सरकावं लागतं. हान्स होल्बाइनने १५३७ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात आठव्या हेन्रीचं भित्तिचित्र केलं. त्यात पाय फाकवून, खांदे रुंद करून तो सरळ समोर तोंड करून उभा होता. भित्तिचित्र १६९८ च्या आगीत गेलं, पण होल्बाइनचं पूर्ण आकाराचं रेखाटन आणि अनेक नकला उरल्या. आज हेन्री म्हटलं की डोळ्यांसमोर तीच उभं राहण्याची ढब येते.

फ्रान्स हाल्सने १६२४ मध्ये केलेल्या, "हसरा घोडेस्वार" या नावाने गाजलेल्या चित्रात तर कोपर थेट आपल्या अंगावर येतं. १७०१ मध्ये इयासँत रिगोने चौदाव्या लुईला रंगवलं तेव्हा राजा त्रेसष्ट वर्षांचा होता. तरी झगा बाजूला सारून त्याचे पांढऱ्या मोज्यांतले पाय नर्तकासारखे ठेवलेले दाखवलेत. तरुणपणी त्याने दरबारी नृत्यनाट्यांत नाच केला होता, आणि पाय कसे टाकावेत हे त्या दरबारात खानदानीपणाचं लक्षण होतं. त्याच शतकांतल्या स्त्रियांच्या चित्रांत कोपरं बहुतेक अंगाशी असतात. जागा कुणी व्यापायची आणि कुणी आवरून बसायचं, याची समाजाने केलेली वाटणी तिथे उघड दिसते.

चित्रकार एकमेकांच्या पोझ उचलतात का?

सर्रास. त्यात चोरी मानली जात नसे. जाणकार बघणाऱ्याने मूळ चित्र ओळखावं अशीच अपेक्षा असे. १६३९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये राफाएलने केलेलं कास्तिल्योने या इटालियन दरबारी लेखकाचं चित्र लिलावात आलं. रेम्ब्रांटने तिथे त्याचं झटपट रेखाटन केलं आणि त्यावर किंमतही लिहून ठेवली: ३५०० गिल्डर. दुसऱ्याच वर्षी त्याने स्वतःचं चित्र केलं, भारी पोशाखात, कठड्यावर हात टेकून. ही बैठक राफाएलची आणि कठड्यावरची बाही टिशियनची. चौतिसाव्या वर्षी तो सांगत होता की मला या दोघांच्या ओळीत बसवा.

एँग्रने मादाम मोआतेसिएचं बसलेलं चित्र बारा वर्षं घोळवून १८५६ मध्ये पुरं केलं. त्यात तिने तर्जनी कानशिलाला टेकवली आहे. ही लकब हर्क्युलेनियमच्या प्राचीन रोमन भित्तिचित्रातल्या एका देवतेची आहे. एका धनिकाच्या पत्नीला त्याने तेवढ्या एका बोटाने देवतेच्या रांगेत नेलं. १९३२ मध्ये पिकासोने तीच पोझ पुन्हा घेतली.

मुघल आणि मराठा चित्रांत चेहरे बाजूने आणि माणसं स्थिर असतात. मग त्यांत देहबोली नाहीच का?

आहे, आणि ती फार बारीक नियमांनी बांधलेली आहे. आपण ती युरोपीय चित्रांच्या सवयीने शोधतो म्हणून सापडत नाही.

अकबराने आपल्या दरबारातल्या मानकऱ्यांची चित्रं काढून घेतली आणि जहांगीर-शहाजहानच्या काळात हा प्रकार कळसाला पोचला. चेहरा एकचश्मी, म्हणजे पूर्ण बाजूने. बादशहा चित्र पाहणाऱ्याकडे बघत नाही, कारण पाहणारा त्याच्या बरोबरीचा नसतो. त्याच्या हातात फूल, रत्न किंवा ससाणा असतो. फुलाची नाजूक देठ दोन बोटांत धरणारा हात सांगतो की या माणसाला हाताने काम करावं लागत नाही. समोरच्या सरदाराचे हात बघा: पोटाशी एकमेकांवर ठेवलेले, नाहीतर पुढे टेकवलेल्या काठीवर. हे हात हुकमाची वाट पाहणारे आहेत. कोण कुणापासून किती अंतरावर उभा आहे आणि कोण बसलाय, यावरून दरबारातला दर्जा वाचता येतो.

बिचित्र या चित्रकाराने १६१५ ते १६१८ च्या सुमारास केलेलं एक चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे. वाळूच्या घड्याळावर बसलेला जहांगीर एका वृद्ध सूफी शेखाला ग्रंथ देतोय. शेखाने ग्रंथ घ्यायला हातावर कापड पसरलंय. बादशहाकडून आलेली वस्तू तो उघड्या हाताने घेत नाही. खाली तुर्की सुलतान हात जोडून आहे, त्याच्याखाली इंग्लंडचा पहिला जेम्स, आणि कोपऱ्यात खुद्द बिचित्र हातात एक छोटं चित्र धरून. त्या छोट्या चित्रातही तो वाकलेलाच आहे. जेम्सची आकृती एका इंग्रजी चित्रावरून घेतलेली आहे, त्यामुळे तिच्याबरोबर युरोपीय उभं राहणंही मुघल पानावर उतरलं. चेहरे सगळे शांत आहेत. सगळं बोलणं हातांनी आणि उंचीने केलंय.

शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली गोवळकोंड्याच्या शैलीतली चित्रं युरोपातल्या संग्रहांत आहेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्येही एक आहे. तिथेही चेहरा बाजूने आहे. आज घराघरांत दिसणाऱ्या महाराजांच्या चित्रांत जो आवेश असतो, उगारलेली तलवार किंवा रोखलेली नजर, ती नंतरच्या काळाने दिलेली देहबोली आहे. ती आपल्याला प्रिय आहे, पण जुन्या चित्रातला संयत पुरुष वेगळ्या रीतीने थोर दिसतो. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकदा जरूर पाहावीत.

पुण्यात या दोन पद्धतींची गाठ १७९० च्या दशकात पडली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, तिथून पुण्याला गेला, आणि त्याने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचं एकत्र तैलचित्र केलं. बैठक आपली, गादी-लोडाची. रंगवण्याची पद्धत विलायती: छायाप्रकाश, आपल्याकडे वळलेले चेहरे. पेशव्याचा मान गादीने राखला जातो, आणि सत्ता कुणाच्या हाती होती हे नानांच्या उपस्थितीवरून कळतं.

भरतनाट्यमच्या हस्तमुद्रा माहीत असतील तर चित्रातले हात वाचता येतील का?

देवदेवतांच्या चित्रांत आणि अजिंठ्यासारख्या ठिकाणी त्यांचा उपयोग होईल. व्यक्तिचित्रात क्वचितच. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात एका हाताच्या २८ मुद्रा सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीचे उपयोग नेमून दिलेत. ती ठरवून केलेली भाषा आहे. व्यक्तिचित्रातला हात रीतीरिवाजातून, व्यवसायातून आणि त्या माणसाच्या सवयीतून येतो. त्याला कोश नाही.

रविवर्मा आणि मुंबईच्या चित्रकारांनी यात काय वेगळं केलं?

इथे मला थोडं जास्त बोलायचंय, कारण हे आपल्या घरचं आहे.

राजा रविवर्म्याने (१८४८-१९०६) विलायती तैलचित्राची पद्धत घेतली आणि तिच्यात भारतीय स्त्रीचं उभं राहणं बसवलं. पदर सावरणं, कडेवर मूल घेतल्यावर कमरेला येणारा बाक, नऊवारीत पाऊल कसं पडतं, हे त्याने नेमकं टिपलं. १८९३ च्या एका प्रसिद्ध चित्रात कडेवर मूल घेतलेली तरुण आई बोटाने बाहेर कुठेतरी दाखवतेय: बघ, बाबा आले. चित्राबाहेरचा माणूस न दाखवता एका हाताने त्याने अख्खं कुटुंब उभं केलं. त्या आईसाठी त्याची स्वतःची मुलगीच उभी राहिली होती.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) पुढे व्यक्तिचित्रणाची भक्कम परंपरा तयार झाली. न्यायाधीश, शेठ आणि दिवाण यांच्या तैलचित्रांत इंग्रजी साचा उघड दिसतो: खुर्ची, पडदा, पुस्तकावर हात. पण घरच्या माणसांना रंगवताना हेच चित्रकार मोकळे झाले. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचं समईचा उजेड हाताने राखणाऱ्या मुलीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मॉडेल होती त्यांची मुलगी गीता. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, हे हळदणकरांवर अन्याय करणारं आहे. त्या चित्राचा सगळा जीव ज्योतीपुढे धरलेल्या तळहातात आहे. बोटांच्या फटीतून आणि कातडीतूनही उजेड लाल झिरपतो. वाऱ्यापासून दिवा राखायला कोणीही असाच हात धरेल. त्या हाताला शिकवलेली ऐट नाही, म्हणून तो थेट पोचतो.

याच्या अगदी उलट अमृता शेर-गिलचं १९३५ चं तीन मुलींचं चित्र. १९३७ मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिघींच्या नजरा खाली आहेत, कुणी कुणाकडे बघत नाही, हात स्वस्थ पडलेत. काहीच घडत नाही, आणि आपलं पुढचं आयुष्य आपल्या हातात नाही हे त्या हातांवरूनच कळतं. भारतीय चित्रकलेत रिकाम्या हातांना एवढा अर्थ आधी क्वचितच मिळाला असेल.

चांगली पोझ सापडते कशी?

कधी बसणारा पोझ देणं विसरतो तेव्हा. एँग्रने १८३२ मध्ये बेर्तँ या वर्तमानपत्राच्या मालकाचं चित्र केलं, ते लूव्रमध्ये आहे. त्याला पोझ काही केल्या जमेना. सांगतात की एकदा गप्पांच्या बैठकीत बेर्तँ दोन्ही गुडघ्यांवर हात रोवून पुढे झुकून वाद ऐकत होता, आणि एँग्रला चित्र दिसलं. ती बोटं पाहा, पक्ष्याच्या नख्यांसारखी मांडीत रुतलीत. पैसा, मत आणि वय मिळवलेला, कुणाला न जुमानणारा माणूस आहे तो, आणि त्याला ओळखायला त्याच्या वर्तमानपत्राचं नावही लागत नाही.

आपल्याकडचे अनुभवी चित्रकारही प्रात्यक्षिकात मॉडेल आल्याबरोबर कॅनव्हासला हात लावत नाहीत. चहा होतो, बोलणं होतं. बसणारा कुठल्या कुशीवर कलतो, बोलताना कुठला हात उचलतो, हे त्या वेळात कळतं.

इतका वेळ एकाच पोझमध्ये माणूस बसतो तरी कसा?

सलग बसतच नाही. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती देतात, आणि उठण्याआधी पायांची आणि कोपराची जागा खडूने किंवा चिकटपट्टीने आखून ठेवतात. जुन्या व्यक्तिचित्रांत माणसं मोठ्याने हसत नाहीत याचं एक कारण हेच आहे. हसू मिनिटभरही टिकत नाही, हात खुर्चीवर तासभर टिकतो. मोठ्या गिऱ्हाइकांना तेवढाही वेळ नसे. व्हान डाइक चेहरा प्रत्यक्ष समोर बसवून करी आणि हातांसाठी पगारी मॉडेल बसवी. त्याच्या चित्रांत वेगवेगळ्या माणसांचे हात एकसारखे निमुळते दिसतात ते त्यामुळे.

हात जमत नाहीत म्हणून चित्रकार ते लपवतात का?

काही वेळा, हो. पण हात दाखवला की त्याला काम द्यावं लागतं, नाहीतर तो चेहऱ्याकडचं लक्ष ओढतो. जिथे चेहराच पुरेसा आहे तिथे हात गाळणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

दोन माणसांच्या चित्रात कुठे पाहायचं?

दोघांच्या मधल्या जागेत. राइक्सम्यूझियममध्ये रेम्ब्रांटचं "ज्यू वधू" या नावाने ओळखलं जाणारं चित्र आहे, १६६५ ते १६६९ च्या दरम्यानचं. पुरुषाचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसरा तिच्या छातीवर. तिने आपली बोटं त्याच्या हातावर अलगद टेकवलीत. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. हे वर्णन ऐकताना धीट वाटतं, पण चित्रासमोर त्यात फक्त विश्वास दिसतो, कारण त्याचा हात काहीही पकडत नाही आणि तिचा हात त्याला अडवत नाही. स्पर्शाचं एवढं खरं चित्र मला दुसरं माहीत नाही.

पोझमुळे कधी वाद झालेत का?

झालेत. जॉन सिंगर सार्जंटने १८८४ च्या पॅरिस सालाँमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, व्हर्जिनी गोत्रो हिचं चित्र लावलं. काळा झगा, वळवलेली मान, आणि खांद्यावरून घसरलेला एक पट्टा. त्या एका पट्ट्यावरून गदारोळ झाला. सार्जंटने नंतर तो पुन्हा खांद्यावर रंगवला, पुढे पॅरिस सोडून लंडन गाठलं, आणि १९१६ मध्ये चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकलं.

महाराष्ट्र-गोव्यात हे सगळं पाहायला कुठे जावं?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं आणि टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं एकाच इमारतीत आहेत, त्यामुळे दोन्ही रीतींची तुलना लगेच करता येते. सातारा जिल्ह्यात औंधला भवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते उभारलं आणि तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक स्त्रीवेशातलं आणि एक पुरुषवेशातलं. माणूस एकच असताना मान आणि खांदे कसे बदलतात हे पाहायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. पणजीत फोंतेन्यास भागातल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. त्यांनी घरच्या आणि साध्या माणसांना जितक्या आपुलकीने बसवलंय ते पाहण्यासारखं आहे.

आई-वडिलांचं चित्र करून घ्यायचंय. हात कुठे ठेवायला सांगू?

काहीही सांगू नका. चित्रकाराला घरी बोलवा आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसू द्या. छायाचित्रावरून चित्र करून घेणार असाल तर स्टुडिओतला फोटो देऊ नका. कुणी "इकडे बघा" म्हणायच्या आधी काढलेले, बोलतानाचे, निवडणं करतानाचे किंवा पेपर वाचतानाचे चार-पाच फोटो द्या. हातांचे वेगळे, थोडं लांब उभं राहून काढलेले फोटो द्या, कारण मोबाइलच्या जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा हात फुगून मोठा दिसतो आणि चित्रकाराला त्याचं खरं माप कळत नाही. चष्मा काढायला लावू नका. वडील चष्मा हातात धरून बोलत असतील, तर तो हातातच राहू द्या.